सावित्रीच्या मुखापासून माणदेशापर्यंत: पावसाच्या वाटेने सहा दिवस

वाईच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवताना मी फळ्यावर एक आकृती इतक्या वेळा काढली आहे, की डोळे मिटूनही ती काढता यावी. मधोमध त्रिकोणी डोंगर, डावीकडे समुद्र, समुद्राकडून डोंगरावर चढणारे बाण, शिखरापाशी खडूने गिरवलेला ढग, त्याखाली तिरप्या रेघांचा पाऊस आणि उजवीकडची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असे लिहीत असे, आणि माझे स्वतःचे गाव, माणदेशातले, दहिवडीजवळचे, नेमके तिथेच आहे हे मुलांना सांगायला विसरत नसे. मात्र त्या बाणांच्या वाटेने भर पावसाळ्यात मी स्वतः कधी गेलो नव्हतो. यंदा जुलैच्या आरंभी भाचा मुंबईहून आईला भेटायला निघाला, तेव्हा सरळ पुणे-सातारा रस्त्याने न जाता समुद्रापासून सुरुवात करून सह्याद्री ओलांडत जाऊ, असे मी त्याला सुचवले. “मामा, सहा दिवसांची सुटी भिजण्यात घालवायची?” असे विचारून तो आला.

सोबत दोन तापमापक घेतले होते. त्यांपैकी एकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची वात गुंडाळलेली होती. पर्जन्यमापक म्हणून लोणच्याची एक पारदर्शक, सरळ बाजूंची आणि रुंद तोंडाची बरणी घेतली. तिचे तोंड आणि बूड एकाच मापाचे असल्यामुळे आत साचलेल्या पाण्याची उंची हाच पडलेला पाऊस, म्हणून बाहेरून मोजपट्टीची चिकटपट्टी लावली की काम झाले. ही बरणी आक्काने, म्हणजे भाच्याच्या आईने, मागच्या वर्षी लोणचे घालून पाठवली होती, हे पुढे उपयोगी पडेल म्हणून आताच नोंदवून ठेवतो.

पहिला दिवस: हरिहरेश्वर

सावित्री नदी इथे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. होड्या वर ओढून झापांनी आणि प्लॅस्टिकने झाकलेल्या होत्या, कारण १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. किनाऱ्यावर उभे राहिल्यावर सर्वांत आधी जाणवतो तो वाऱ्याचा एकसुरीपणा. उन्हाळ्यात इथे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, कारण जमीन लवकर तापते, लवकर निवते, आणि समुद्र दोन्ही बाबतींत मागे राहतो. पावसाळ्यात ही रोजची अदलाबदल जवळजवळ दिसेनाशी होते. दिवसरात्र वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडूनच येतो.

हा वारा इथला नाही, हे मुलांना पटवणे मला नेहमी अवघड जाई. त्याचा आरंभ विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मादागास्करच्या पूर्वेकडील मस्करीन बेटांजवळच्या जास्त दाबाच्या क्षेत्रात होतो. तिथून तो आग्नेय व्यापारी वारा म्हणून निघतो, विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतो आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळ, साधारण दीड किलोमीटर उंचीवर, एका वेगवान प्रवाहात गोळा होऊन अरबी समुद्र पार करतो. म्हणजे हरिहरेश्वरच्या खडकावर माझी छत्री उलटी करणाऱ्या वाऱ्याने हजारो किलोमीटरचे उबदार पाणी पायाखालून जाऊ दिले होते, आणि त्या पाण्याची वाफ तो बरोबर घेऊन आला होता.

किती वाफ, ते मोजता येते. कोरड्या तापमापकाने २८ अंश दाखवले, ओल्याने २६. यावरून दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सव्वापंचवीस अंशांच्या आसपास निघतो. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर अंशामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर उंच असतो, असा ढोबळ हिशेब आहे. त्याप्रमाणे ही हवा साडेतीनशे मीटर वर चढली, की तिच्यात ढग धरणार. समोर पूर्वेकडे पाहिले, तर आतल्या डोंगरांची डोकी जणू सुरीने कापल्यासारखी एका रेषेत दिसेनाशी झाली होती. भाच्याने मोबाइलवर त्या डोंगरांची उंची शोधायला घेतली, आणि रेंज गेली.

किनाऱ्यावरचा पाऊस सरींचा असतो. दहा मिनिटे कोसळतो, मग ढगांच्या फटीतून ऊन येते, मग पुन्हा सर. समुद्रावरून बिनअडथळा आलेला वारा झाडे, घरे, टेकड्या यांना घासून जमिनीवर मंदावतो, मागची हवा पुढच्या हवेवर चढते आणि या किरकोळ चढावरही सरी पडतात. रात्री बरणी अंगणात ठेवली. सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या केंद्रांवर पाऊस मोजतात त्याच वेळी, ती काठोकाठ भरलेली पाहून मी हरखलो. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी वर बोट दाखवले. बरणी मी पागोळीखाली ठेवली होती. पहिल्या दिवसाची नोंद अशी वाया गेली.

दुसरा दिवस: महाड

बागमांडल्याहून जेटीवरून खाडी ओलांडून वेसवीला उतरलो आणि मंडणगड, म्हाप्रळ करत दुपारी महाडला पोहोचलो. दिवसभर पाऊस होता, पण सरींमधल्या उघडिपी जसजसे आत येऊ तसतशा कमी होत गेल्या. महाडला समुद्र दिसत नसला, तरी भरतीचे पाणी खाडीने वर चढून येते, आणि पाठीशी सह्याद्रीचा कडा उभा आहे. वरून आलेले पाणी आणि खालून चढलेली भरती एका वेळी भेटली, की शहर बुडते. बाजारपेठेतल्या एका दुकानाच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पुराच्या पाण्याची मातकट रेघ अजून दिसते, आणि मालकाने ती मुद्दाम रंगवलेली नाही. २२ व २३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याविषयी दुकानदार बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही.

तिसरा दिवस: आंबेनळी घाट

या दिवसासाठीच सगळा प्रवास होता. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा हा घाट सुमारे चाळीस किलोमीटरच्या वाटेवर आपल्याला समुद्रसपाटीच्या जवळून जवळजवळ १,४०० मीटरवर नेतो. वाऱ्यालाही हाच चढ चढावा लागतो, फक्त त्याला वळणे नसतात. दर काही किलोमीटरवर गाडी थांबवायची, काच उतरवून तापमापक बाहेर धरायचा आणि उंची लिहायची, असे ठरले.

पोलादपूरला २७ अंश होते. पहिल्या काही वळणांत तापमान भराभर उतरले, शंभर मीटरला जवळपास एक अंश. वर चढणाऱ्या हवेवरचा दाब कमी होतो, ती फुगते, आणि फुगण्याचे काम तिला स्वतःच्या उष्णतेतून करावे लागते, म्हणून ती निवते. कोणी बाहेरून थंड करत नाही. सायकलच्या पंपाचे टोक दाबलेल्या हवेने तापते आणि चाकातून सुटलेली हवा बोटाला गार लागते, हे उदाहरण मी वर्गात देत असे. घाटात ते देण्याची गरज पडली नाही.

मग एका वळणावर समोरची दरी पांढरी झाली. पुढच्या वळणावर रस्ताच पांढरा झाला. भाचा म्हणाला, “धुकं आलं.” धुके आले नव्हते, आम्ही ढगात शिरलो होतो. तापमापकाच्या काचेवर आणि माझ्या मनगटावरच्या केसांवर सुईच्या अग्राएवढे थेंब धरले, एकमेकांना न चिकटणारे. ढगातला असा थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. पावसाचा साधा थेंब दोन मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्यात असे सुमारे दहा लाख थेंब सामावलेले असतात. नुसत्या वाफेच्या सांद्रीभवनाने थेंब एवढा मोठा व्हायला फार वेळ लागेल. पण समुद्रावरून आलेल्या हवेत लाटांच्या फेसातून उडालेले मिठाचे कण असतात, त्यांच्यावर धरलेले थेंब इतरांपेक्षा मोठे असतात, मोठा थेंब वेगाने खाली येतो आणि वाटेतल्या लहानांना गिळत जातो. घाटावरच्या पावसाळी ढगांपैकी पुष्कळांचा माथा बर्फ धरण्याच्या उंचीपर्यंत, म्हणजे पाच किलोमीटरच्या वर, पोहोचतही नाही, तरी ते धो धो बरसतात, ते या गिळण्यामुळे. म्हणूनच इथे तासन् तास पाऊस पडतो, पण विजेचा कडकडाट क्वचितच ऐकू येतो. तो ढगात बर्फ असल्याशिवाय होत नाही.

ढगात शिरल्यावर माझ्या वहीत एक बदल दिसू लागला. तापमान आता शंभर मीटरला अर्धाच अंश उतरत होते. वाफेचे पाणी होताना, तिने समुद्रावर बाष्प होताना घेतलेली उष्णता परत मिळते, आणि हवा निवण्याचा वेग निम्म्यावर येतो. ७०० मीटरवर साडेबावीस अंश होते, हा आकडा लक्षात ठेवावा. प्रतापगड बाजूलाच असायला हवा होता. आम्ही त्याच्या अगदी जवळून गेलो आणि गड दिसला नाही.

चौथा दिवस: महाबळेश्वर

हंगामात गजबजणारी बाजारपेठ निम्मी बंद होती. भिंतींना पावसाकडच्या बाजूने वाळक्या गवताची जाड आवरणे आणि प्लॅस्टिकचे पडदे बांधलेले, रस्त्यावर दिवसाढवळ्या दिवे लागलेले. खोलीतला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच होता आणि आगपेटी पेटेना. वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे पडतो, म्हणजे उभ्या माणसाच्या तिप्पट उंचीचे पाणी, आणि तेही बहुतेक चार महिन्यांत. कोकणच्या किनाऱ्यावर अडीच ते साडेतीन हजार पडतो. कड्याने वाढवलेला पाऊस तो एवढा.

आक्काची बरणी, या वेळी पागोळीपासून दूर, उघड्यावर दगडांत घट्ट बसवून ठेवली होती. १८० मिलिमीटरची तिची धाव चोवीस तासांत संपली, मध्ये एकदा मोजून रिकामी करावी लागली. बंगालच्या उपसागरात ओडिशाच्या किनाऱ्याशी कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याचे आदल्या रात्रीच्या बातम्यांत होते. पूर्वेकडे हजार किलोमीटरवर दाब उतरला, की इकडे पश्चिमेचा वारा जोर धरतो, किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा ठळक होतो आणि घाटावर झड लागते. ते क्षेत्र विरले किंवा पाऊसपट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला, की उघडीप. तेव्हा सह्याद्री जागेवर असतो, समुद्रही असतो, फक्त ढकलणारा वारा ढिला पडतो. फळ्यावरच्या आकृतीत हा भाग कधीच नसे. तिच्यातले बाण रोज सारख्याच लांबीचे.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगम मानतात. त्यांतली सावित्री पश्चिमेला उतरते, आणि तिच्या मुखाशी आम्ही तीन दिवसांपूर्वी उभे होतो. कृष्णा पूर्वेला निघून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच ढगातून शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जातात, असे मी वर्गात नाट्यमय आवाजात सांगत असे. प्रत्यक्ष कुंडापाशी मात्र गर्दी, ओल्या चपला आणि नारळाची टरफले यांच्यामधून मला पाय सरकणार नाही ना, एवढेच बघावे लागले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला उंचावरील ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू केली, तिचे कारण इथे एक दिवस काढल्यावर सांगावे लागत नाही. इतरत्र ढगाचे थेंब मोजायला विमान न्यावे लागते. इथे ढगच खिडकीतून आत येतो.

पाचवा दिवस: पाचगणी, पसरणी घाट, वाई

महाबळेश्वर ते पाचगणी अंतर एकोणीस-वीस किलोमीटर आहे, उंचीत फारसा फरक नाही, आणि तरी पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या सुमारे एक तृतीयांश भरतो. त्यापुढे आणखी बारा-तेरा किलोमीटरवर वाईला तो जेमतेम सात-आठशे मिलिमीटरवर येतो. बत्तीस-तेहतीस किलोमीटरमध्ये पाऊस सातपट घटतो. तो एकदम शून्यावर येत नाही, याचे एक कारण वाऱ्यातच आहे. सेकंदाला पंधरा मीटर वेगाच्या वाऱ्यात दहा मिनिटे हवेत राहिलेला थेंब नऊ किलोमीटर पुढे जाऊन पडतो. कड्यावर जन्मलेला पाऊस असा थोडा आतही सांडतो.

पाचगणीत झड संपून भुरभुर राहिली. टेबल लँडच्या पठारावर ढग होता, पण तो विरत विरत पूर्वेकडे जात होता, आणि त्याच्या कडा फाटक्या दिसत होत्या. पसरणी घाटाच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर भाच्याने वायपर बंद केला. कृष्णेच्या खोऱ्यात ऊन पडले होते. मागे वळून पाहिले, तर माथ्यावर ढगांची भिंत उभी, आणि त्या भिंतीतून आमच्याकडे येणारी प्रत्येक चिंधी काही मिनिटांत नाहीशी होत होती. पाऊस आधीच सांडून आलेली हवा उतरताना दाबली जाते, तापते, आणि तिच्यातले उरलेसुरले थेंब पुन्हा वाफ होतात. आता तिच्यात ढग नाही, म्हणून ती शंभर मीटरला पुन्हा पूर्ण एक अंशाने तापते. महाबळेश्वरला साडेएकोणीस अंश होते. वाईला, ७०० मीटरच्या जरा वर, सव्वीस भरले. घाटाच्या पलीकडे याच उंचीवर साडेबावीस होते. हवा तीच, उंची तीच, आणि साडेतीन अंशांचा फरक. यात उन्हाचा वाटा आहे हे मला मान्य आहे. तरीही वाफेने ढगात सोडलेली उष्णता डोंगर ओलांडून माझ्या वहीत आली, हे बघून मी भाच्याला हिशेब दोनदा समजावला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, “कळलं मामा, पहिल्यांदाच कळलं होतं.”

माझी आकृती कुठे चुकत होती, तेही पसरणी घाटात दिसले. फळ्यावरचा डोंगर दोन्ही बाजूंना सारखाच उतरता. खरा सह्याद्री पायरीसारखा आहे, पश्चिमेला कडा आणि पूर्वेला हळूहळू उतरत जाणारे पठार. हवा पूर्वेला समुद्रसपाटीपर्यंत कधी उतरतच नाही. ती सातशे मीटरवर थांबते आणि तशीच पुढे जाते, ढग डोक्यावर घेऊन.

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर, गणपतीच्या देवळापाशी, बसलो. धुके बघायचे तर इथे डिसेंबरात यावे. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडते, तिला लागून असलेली हवा निवते, जड होऊन आजूबाजूच्या डोंगरांवरून खोऱ्यात उतरते आणि नदीच्या ओलाव्यावर धुके धरते. वर उबदार हवेचे झाकण असते, म्हणून ते नऊ-साडेनऊपर्यंत उठत नाही. सकाळच्या शाळेत उशीर झालेली मुले त्या धुक्याचे कारण सांगत आणि मी ते मान्य करत असे.

सहावा दिवस: माणदेश

सातारा, कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव. वर्धनगडच्या पुढे रंग बदलतो. वाईला भाताची खाचरे नसली, तरी उसाचा हिरवा असतो. इथे तांबूस माळ, बाभळी, आणि वीतभर बाजरी. माण तालुक्यात वर्षभराचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, आणि त्याचा भरवसा नाही. वारा मात्र घाटाइतकाच. गाडीचे दार उघडताना हातातून सुटले.

आभाळ भरलेले होते, हे नव्या माणसाला पटत नाही. करडे ढग पश्चिमेकडून ओळीने येत होते आणि डोक्यावरून पूर्वेला जात होते. आक्का ओट्यावर बसून त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “तुझा तरणा पाऊस लागला की रं आजच. हाय का कुठं?” पुनर्वसू नक्षत्राच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुढच्या पुष्याला म्हातारा. दोन्ही इथे बहुधा वाऱ्यावरच जातात.

माणदेशाला पाऊस देणारे ढग वेगळ्या जातीचे असतात. मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून हवा सरळ उभी चढते, दुपारी तीन-चारला ढगांचे मनोरे होतात, वर बर्फ धरतो, विजा कडाडतात, आणि एका शिवारात वळीव कोसळून शेजारचे शिवार कोरडे राहते. पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात, पश्चिमेचा वारा मंदावल्यावर आणि पूर्वेकडून ओलावा येऊ लागल्यावर, तसेच उंच ढग परततात. उत्तरा आणि हस्त पडला, तर शाळू पेरायचा, एवढा इथला वर्षाचा हिशेब. जुलैत ही हवा वर चढूच शकत नाही, कारण वरचा जोरदार वारा आणि डोंगरावरून उतरून तापलेला थर तिला दाबून ठेवतो. डोक्यावर ढग असतो तो पातळ, सांडून रिकामा झालेला.

हे सगळे धनगरांना आकृतीशिवाय माहीत आहे. दिवाळीनंतर इथल्या मेंढ्या घाट उतरून कोकणात जातात, तिथल्या मोकळ्या शेतांत बसतात आणि मृगाच्या आधी परत वर येतात. कोकणच्या पावसात मेंढी तगत नाही, आणि उन्हाळ्यात माणात तिला चारा नाही. पर्जन्यछायेची सीमा त्यांनी वर्षातून दोनदा पायांनी ओलांडलेली असते.

त्या रात्री बरणी अंगणात मधोमध, कशाच्याही पागोळीपासून लांब ठेवली. रात्रभर वाऱ्याने पत्रे वाजत होते. सकाळी साडेआठला मी वही घेऊन बाहेर आलो, तर आक्का बरणी पदराने पुसत होती. आत थोडी धूळ आणि एक मुंगळा होता, तो तिने झटकून टाकला.

“माझीच न्हवं ही?” तिने विचारले.

“तुझीच.”

“मग ऱ्हाऊ दे. शाळूचं बी ठेवाया हुईल.”

मोजपट्टीची चिकटपट्टी तिने काढली नाही. मी वहीत शून्य लिहिले आणि भाच्याने गाडी काढली.